नाक्यावर अडलेलं पत्र

साताऱ्याच्या स्टँडवर मी पिशवीच्या चेनला छोटं कुलूप लावत होते, तेव्हा शेजारी बसलेल्या बाईंनी हळूच विचारलं, “सोनं आहे का हो?”

“कागद आहेत,” मी म्हटलं.

बाईंनी आपली पिशवी थोडी पलीकडे सरकवली. कुलूप लावून कागद नेणारी बाई त्यांना कोर्टकचेरीतली वाटली असावी. माझ्या संशयी स्वभावाची घरीदारी ख्याती आहे, पण आपल्यावर कोणी संशय घेतला की कसं वाटतं त्याचा नमुना प्रवास सुरू व्हायच्या आधीच मिळाला.

कागद म्हणजे आबांची पत्रं. आबा माझ्या आईचे एकुलते एक भाऊ, माझे मामा. निजामाविरुद्धच्या लढ्यात ते सरहद्दीवरचा एक कॅम्प चालवत. बंदुका मिळवणं, माणसं आत पाठवणं, मुंबई सरकारच्या साहेबांशी लिहिणं-भांडणं, सगळं त्यांच्याकडे. लग्न केलं नाही. लढा संपायच्या थोडं आधी कॅम्पातच विषमज्वराने गेले. मी त्यांना पाहिलेलं नाही, मला भेटले ते कागदांतूनच. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी त्यांची पत्रं आणि त्यांच्यावरचे सरकारी कागद पुस्तकासाठी जमवते आहे, आणि माझी आई त्या कामाकडे ढुंकूनही बघत नाही.

त्याला कारण आहे. आईचं सासर तेव्हा करमाडजवळच्या एका खेड्यात, म्हणजे निजामाच्या मुलखात होतं. तिथे तिचं पहिलं मूल गेलं. रांगायला लागलेला मुलगा. आई-वडील आधीच गेलेले, माहेर म्हणजे हा एक भाऊ. तो आला नाही, त्याची चिठ्ठीही आली नाही. आले ते पोलीस, आणि दारासमोरच्या लिंबाखाली बसून राहिले. “पोलिसांना वाटलं, भाऊ आहे, येईल,” आई सांगते. “मलाही वाटलं. त्यालाच नाही वाटलं.” मग काही आठवड्यांतच आबा गेले. राग काढायलाही माणूस उरला नाही. आबांच्या तिथीला आमच्या घरी कधी दिवा लागला नाही.

मी वर्तमानपत्रात छोटं निवेदन दिलं होतं, ‘पत्रं कोणाकडे असल्यास कळवावे’. तेव्हापासून जगात इतके लबाड लोक आहेत हे कळलं. एकाने आबांचं म्हणून आणलेलं पत्र बॉलपेनने लिहिलेलं होतं. दुसऱ्याच्या कागदाला चहाचा वास येत होता, वेलदोड्यासकट. त्यामुळे छत्रपती संभाजीनगरहून जमीलभाई नावाच्या गृहस्थांचा फोन आला तेव्हा मी सावधच होते. ते म्हणाले, “तुमच्या मामूंचं एक खत आमच्याकडं आहे. बहिणीच्या नावचं. येऊन बघा.” बदल्यात काय हवं, हे मी आडून विचारलं, उघड विचारलं. “काही नको,” ते म्हणाले. काही नको म्हणणाऱ्या माणसाची मला सर्वांत जास्त भीती वाटते.

आईला मी लेणी बघायला जाते म्हणून सांगितलं. ती नव्वदीच्या पुढे आहे. तिच्यापुढे खोटं पत्र वाचणं हे पाप, आणि खरं असलेलं लपवणं हेही पापच. आबांनी आईला लिहिलं होतं की नव्हतं, एवढंच मला ठरवायचं होतं, आणि ते ठरल्याशिवाय तिच्यासमोर तोंड उघडायचं नव्हतं.

पुण्याला गाडी बदलली. नगर सोडल्यावर रस्ता सरळ होतो आणि झाडं विरळ. दुपार कलताना गोदावरीचा पूल आला. कंडक्टर माझ्या मागच्या सीटवर टेकले होते. त्यांना विचारलं, “निजामाची हद्द इथूनच का?”

“व्हय. नदीच्या अलीकडं इंग्रज, पलीकडं निजाम. माझा आजा सांगायचा, इथं टोक्याला करोडगिरीचा नाका (जकातीचं ठाणं) व्हता. मिठाची पुडीसुद्धा उघडून बघायचे.” मग माझ्या मांडीवरच्या पिशवीकडे बघून म्हणाले, “तुमाला लई वेळ लागला असता.”

नदीत पाणी भरपूर होतं. काठावर मंदिराच्या पायऱ्या, त्यांवर वाळत टाकलेले कपडे. आबांचा कॅम्प अलीकडच्या बाजूला कुठेतरी होता आणि आई पलीकडे. मधे एवढीच नदी, असं मनात आलं आणि त्यांचा रागही आला. मग वाळूज लागलं. पाळी सुटली होती, कारखान्यांच्या बसगाड्या आणि मोटरसायकली यांनी रस्ता फुलून गेला होता. त्या गर्दीतून सरकत आम्ही स्टँडवर पोचलो तोवर दिवे लागले होते.

क्रांती चौकाजवळच्या लॉजवर जायला रिक्षा केली. नकाशा मी आधीच पाहून ठेवला होता. रिक्षा सरळ जायची ती डावीकडे वळली, मग उजवीकडे, मग एका गल्लीत. मी म्हटलं, “परगावची बाई बघून फिरवताय का?”

ड्रायव्हर तरुण होता. त्याने रिक्षा थांबवली. “मावशी, चौकाकडं पाइपलाइनसाठी खोदलंय. तुमचं म्हणणं असंल तर खड्ड्यातून नेतो. पण कंबर तुमची.”

“गल्लीतूनच चला,” मी म्हटलं. लॉजवर पोचल्यावर वरच्या खिडकीतून खाली पाहिलं तर खरंच रस्ता उकरलेला होता. तरी झोपताना दाराला खुर्ची लावलीच.

सकाळी आधी सरकारी दप्तरखान्यात गेले. जमीलभाईंनी फोनवर सांगितलं होतं की त्यांचे वडील निजामाच्या पोलिस खात्यात मुन्शी होते. पकडलेली मराठी पत्रं ते साहेबासाठी उर्दूत उतरवत. हे असं काही होतं का, ते मला तिऱ्हाइताकडून ऐकायचं होतं. तिथल्या बाई नम्र होत्या, पण त्यांनी मला आधी अर्ज लिहायला लावला, मग तो अर्ज कोणत्या टेबलावर द्यायचा यासाठी दुसऱ्या टेबलावर पाठवलं, आणि शेवटी स्वतःच उत्तर दिलं.

“होता असा विभाग. मूळ पत्र आणि स्वच्छ नक्कल हैदराबादला जायची. इथं राहायचे ते कच्चे मसुदे. राज्य जाताना ते जाळायचा हुकूम निघाला होता.”

“जाळले का?”

“हुकूम होता,” बाई म्हणाल्या आणि चहा मागवला.

म्हणजे जमीलभाईंकडे जे होतं ते नियमाप्रमाणे अस्तित्वातच असायला नको होतं. मी भिंग पिशवीत वरच्या बाजूला ठेवलं.

शहागंजच्या घड्याळाच्या टॉवरखाली जमीलभाई स्कूटर घेऊन उभे होते. सत्तरीचे, बँकेतून निवृत्त झालेले, पांढरा झब्बा आणि पायांत स्पोर्ट्सचे बूट. स्कूटरवर बसायला मी नकार दिला. मग ते स्कूटर ढकलत माझ्याबरोबर चालत आले, ही गोष्ट त्यांनी फार सज्जनपणे केली हे आता लिहिताना जाणवतं. तेव्हा वाटलं, फारच गोड वागतोय हा माणूस. अत्तराची दुकानं, बांगड्यांची दुकानं, प्लॅस्टिकच्या बादल्यांचे ढीग यांमधून वाट काढत एका गल्लीत निळ्या रंगाचं घर लागलं.

आत तख्तावर त्यांच्या मोठ्या बहीण बसल्या होत्या. कमर आपा. ऐंशी ओलांडलेल्या, बारीक चणीच्या, डोळ्यांना जाड चष्मा. त्यांनी माझ्या नमस्काराला उत्तर दिलं आणि भावाला विचारलं, “पेपरवाली तो नई ना?”

“नाय आपा. भाच्ची आहे त्यांची.”

“आधार कार्ड दाखव म्हण.”

मला हसू आलं, आणि बरंही वाटलं. इथे कोणीतरी माझ्या जातीचं होतं. मी कार्ड दाखवलं आणि म्हटलं, “तुमचंही दाखवा.” आपांनी भावाकडे पाहिलं, उशीखालून बटवा काढला आणि स्वतःचं कार्ड माझ्या हातात दिलं. दोघींनी एकमेकींचे फोटो नीट ताडून पाहिले. मग मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवायला लावला.

“फोटो नक्को,” त्या म्हणाल्या. “आज फोटो काढशील, उद्या कुणी दारात येऊन म्हणेल, तुमचा बाप हेर होता. जमीलला कळत नाय. मी नको म्हणत होते बोलवायला.”

“मग का बोलवलंत?”

“कारण अब्बांचं अक्षर आता मलाच वाचता येतं. जमीलला छापलेलं उर्दू येतं, हातानं भरभर लिहिलेलं घसीट नाय येत. माझ्यामागं तो नुसता कागद.”

जमीलभाईंनी रेक्झिनच्या बॅगेतून तो कागद काढला. मूळ पत्रही सोबत असेल या आशेने, आबांचं अक्षर ताडून बघायला मी पत्रं आणली, भिंग आणलं, आणि समोर आला तो उजवीकडून डावीकडे धावणारा, मला एक अक्षरही न कळणारा कागद. खऱ्याखोट्याची माझी सगळी तयारी पाण्यात गेली. वास घेतला. चहाचा नव्हता. उलटून पाहिलं तर मागे मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरांच्या ओळी होत्या.

“ते माझं अलिफ-बे आहे,” आपा म्हणाल्या. “कागद मिळायचा नाय. जाळायला दिलेल्यातले थोडे अब्बा घरी घेऊन आले, मागची बाजू कोरी म्हणून. मी त्याच्यावरच लिहायला शिकले.”

लहान मुलाचा हात नक्कल करून आणता येतो का, याचा मी खरोखर विचार केला. येत असेलही.

आपा वाचू लागल्या. आधी उर्दूत एक ओळ, मग मराठीत. वरती मुन्शीजींनी लिहिलं होतं की हे पत्र टोक्याच्या नाक्यावर एका गाडीवानाच्या कांबळ्यात सापडलं. मग पत्र सुरू झालं.

“अक्का, पोर गेल्याचं कळलं. मला येता येत नाय. आलो तर मी पकडला जाईन, अन् तुझ्या घराचं वाटोळं होईल. आपली माय नाय, घरात भावजय नाय. मग माहेरचा... माहेरचा कडवा निवाला... हे काय आहे?” त्या थांबल्या.

“कडू घास,” मी म्हटलं.

ज्यांच्याकडे ही रीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मयत झालेल्या घरात चूल पेटवत नाहीत. सोयऱ्यांनी पिठलं-भाकरी करून आणायची आणि घरच्यांना बळंच खायला घालायची, तो कडू घास. आमच्याकडे मूल गेलेल्या आईला तो माहेरच्या हातचाच लागतो.

“हां, तेच,” आपा म्हणाल्या. “तो कोण आणणार? म्हणून मीच थापल्यात भाकरी. पिठलंही मीच केलं. वाकड्या झाल्यात, कडेनं जळाल्यात. हसू नको. तीन माणसं घेऊन येतील, दार उघडं ठेव. आणि खा. मी समोर बसलोय समजून खा.”

मला रडू येईल असं वाटलं, आणि नेमकं तेव्हाच मनातला संशय जागा झाला. आबा? भाकरी थापणार? माझ्याकडची त्यांची पत्रं मला पाठ आहेत. त्यांत ते काडतुसांचा हिशेब मागतात, साहेबांना खडसावतात, आचाऱ्याने चहा गार दिला म्हणून तीन ओळी खर्ची घालतात. हा माणूस परातीपुढे बसला, पीठ मळलं, आणि वर ‘हसू नको’ म्हणाला? लिहिणाऱ्याने जरा जास्तच गूळ घातला होता. रीत तर सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, ती कोणीही पत्रात घालेल.

मी भिंग पुन्हा उचललं. कागदाच्या कडेला लाल शाईत बारीक ओळी होत्या.

“हे काय लिहिलंय?”

“कुछ नई. दफ्तरचं,” आपा म्हणाल्या आणि कागद घडी घालू लागल्या.

“ते वाचा.”

“खत वाचलं ना तुझं.”

“आपा, ते वाचल्याशिवाय मी यातला एक शब्दही घरी नेणार नाही.”

जमीलभाई उठून खिडकीपाशी गेले. ते मघापासून काही लपवत आहेत असा माझा अंदाज होता, तो पक्का झाला. आपांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग त्यांनी ते वाचलं, भावाकडे पाठ करून.

“इतका मोठा लीडर, ज्याच्या हुकमात एवढी माणसं, तो चुलीपुढं बसून भाकरी थापेल हे अकलेला पटत नाय. माझ्या मते भाकरी म्हणजे बाँबगोळे. कडवा निवाला म्हणजे हल्ला. तीन माणसं ते आणणार. खत रोखावं. बाईच्या घरावर पहारा बसवावा.” त्या थांबल्या. “हे साहेबाचं नाय. अब्बांचं आहे. त्यांचंच अक्षर.”

पहारा. लिंबाखाली बसलेले पोलीस. ही गोष्ट आईने घराबाहेर कुणालाच सांगितलेली नाही. पण पोलीस तर कुठल्याही पुढाऱ्याच्या बहिणीकडे बसवत असतील, असंही म्हणता येत होतं, आणि मी ते मनातल्या मनात म्हटलंच. भाकरी काही केल्या घशाखाली उतरत नव्हत्या.

“जेवून जा,” आपा म्हणाल्या. खिचडी आणि खट्टा (चिंच-तिळाचं आंबट पातळ) समोर आलं. चव उत्तम होती. आम्ही तिघंही खाली मान घालून जेवलो.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना न सांगता करमाडला गेले. जमीलभाई सोबत येतो म्हणाले असते, आणि मला कोणी आधी पढवलेला साक्षीदार नको होता. जालना रोडवर शेंद्र्याच्या कारखान्यांच्या भिंती संपल्या की मोसंबीच्या बागा दिसू लागतात, मधे कपाशी, मधेच एखादं नवं मंगल कार्यालय. करमाडला उतरून टमटम केली. तीत दहा माणसं आणि एक पंखा होता, पंखा मांडीवर घेऊन बसलेल्या बाईंनी त्याचं पातं माझ्या हातात धरायला दिलं. आईच्या सासरचं घर आमच्या भावकीने कधीच विकलं आहे. दारासमोरचा लिंब गेला होता, तिथे पाण्याची टाकी होती. तिच्या सावलीत एक म्हातारे गृहस्थ बसले होते, शेषराव अण्णा. त्यांनीच आधी विचारलं, “तुमी कोणाच्या?”

मी आईच्या सासरचं नाव सांगितलं. गोविंदरावांच्या सुनेची लेक.

“काकीची?” त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “हायेत का काकी?”

“आहेत. साताऱ्याला असतात.” मी मुद्दाम पत्राचं, भाकरीचं काहीच काढलं नाही. एवढंच म्हटलं, “आईचं पहिलं मूल गेलं तेव्हा गावात पोलीस आले होते म्हणे.”

“आले तर. इथंच बसायचे. आमची कोंबडी खाल्ली त्यांनी.” त्यांनी हाताने मळ्याची दिशा दाखवली. “त्याच टायमाला तीन माणसं आमच्या मळ्यात आली व्हती. मी तव्हा लहान, गुरं राखायचो. मायनं सांगितलं त्यास्नी, बाबांनो, गावात जाऊ नगा, पोलीस बसलेत. दिसभर हिरीपाशी दडून ऱ्हायले. जाताना म्हन्ले, बाई, हे फडकं तेवढं त्या पोर गेलेल्या घरी पोचवा. माय म्हन्ली, माझीबी झडती घेत्यात, नाय जमायचं. मग ते फडकं आमच्यापाशीच ऱ्हायलं.”

“काय होतं त्यात?” मी विचारलं.

“भाकरी. अन् सुकल्यालं पिठलं. मायनं भाकर हातात धरली अन् हसाया लागली. म्हन्ली, ही बाईमाणसाच्या हातची नाय. एक लांबुळकी, एकीला कोपरं, कडा कोळसा झाल्याल्या. कुण्या गड्यानं थापल्यात.”

मी टाकीच्या कट्ट्यावर बसले.

“आमी खाल्ल्या त्या,” शेषराव अण्णा म्हणाले. “मी अन् माझ्या बहिणीनं. त्या साली घरात दाणा नव्हता. कामून हो? खाया नाय पायजे व्हत्या का?”

मी रडत होते, आणि परक्या गावात परक्या माणसासमोर रडताना जी लाज वाटायला हवी तीही वाटत नव्हती. त्यांनी नातसुनेला हाक मारून पाणी मागवलं. मग जेवल्याशिवाय सोडलं नाही. येसरची आमटी (भाजलेल्या धान्याच्या पिठाची) आणि गरम भाकरी होती. भाकरी अगदी गोल होती.

संध्याकाळी पुन्हा शहागंज. दार आपांनीच उघडलं. त्यांनी या-बसा म्हटलं नाही, माझ्या तोंडाकडे बघत उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

“रोटीच होती का?” त्यांनी विचारलं.

मी त्यांना कुठे गेले ते सांगितलंही नव्हतं. पण मी काय शोधते आहे ते त्यांनी ओळखलं होतं, कारण लहानपणापासून त्याही तेच शोधत असणार.

“रोटीच होती, आपा. वाकड्या आणि जळालेल्या.”

त्या तख्तावर जाऊन बसल्या. मग म्हणाल्या, “अब्बांनी उम्रभर चुलीला हात नाय लावला. पाणीसुद्धा अम्मीनं द्यायचं. त्यांना कसं पटावं?”

“मलाही नाही पटलं,” मी म्हटलं. “मी तर त्यांची भाची.”

हे मी त्यांचं मन राखायला म्हटलं नाही. मुन्शीजींनी लाल शाईत जे लिहिलं ते मी काळ्या शाईत लिहिलं असतं, एवढाच फरक होता. भाकरी थापणारा पुढारी त्यांच्या अकलेत बसला नाही, माझ्याही बसला नाही. त्यांच्या संशयाला मागे सरकार होतं आणि माझ्या संशयाला फक्त एक भिंग.

मग आपा एकेक ओळ सांगत गेल्या आणि जमीलभाईंनी ती सुबक मराठीत लिहून दिली. कागद मी मागितला नाही, तो आपांच्या अलिफ-बेचाही होता. “अब्बांचं नाव लिहू नको,” एवढंच त्यांनी सांगितलं. ते मी पाळलं आहे, आणि बाकीचीही नावं बदलली आहेत. मी विचारलं, पुस्तकात लाल शाईच्या ओळी घेऊ का? आपा म्हणाल्या, “घे. नाय तर खत का पोचलं नाय ते लोकांना कसं कळेल?”

परतीच्या गाडीत मी पुलावर नीट बघायचं ठरवलं होतं, पण डोळा लागला आणि नदी निघून गेली. नगरच्या पुढे जाग आली तेव्हा एक विचार सुचला, तो लिहून ठेवते. मुन्शीजींना संशय आला नसता तर ते पत्र आईला मिळालं असतं आणि तिने ते वाचून चुलीत घातलं असतं, कारण तेव्हा असली पत्रं घरात ठेवणं धोक्याचं होतं. संशयाने ते अडवलं आणि संशयानेच ते टिकवलं. याचा आनंद मानावा की दुःख, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आईचं सगळं आयुष्य मात्र मधल्यामध्ये गेलं.

घरी पोचले तेव्हा ती पलंगावर बसून लसूण सोलत होती. “लेणी बघितलीस?”

“नाही बघितली,” मी म्हटलं. आणि मधला कुठलाही फाटा न फोडता सगळं सांगितलं. मग पत्र वाचलं.

“परत वाच,” ती म्हणाली. परत वाचलं. ‘हसू नको’ आलं तेव्हा तिचा हात लसणावर थांबला.

“त्याला साधा चहा करता यायचा नाही,” ती म्हणाली. आणि मग, माझीच आई ती, “त्या बाईनं खरं वाचलं कशावरून?”

मी शेषराव अण्णांचं सांगितलं. विहीर, फडकं, कोपरं असलेली भाकरी.

“सखूचा पोरगा तो,” आई म्हणाली. किती वर्षांनी तिच्या तोंडात तिकडची बोली आली. “लई हाल व्हते त्यांचे त्या साली. दोघं लेकरं नुसती काटकं. त्यांनी खाल्ल्या?”

“त्यांनीच खाल्ल्या.”

“दोघांनी?”

“दोघांनी.”

“पोट भरलं का त्यांचं?”

“भरलं असणार, आई.”

तिने मांडीवरची लसणाची सालं एका हाताने गोळा केली आणि मुठीत धरली.

“मग पोचल्या,” ती म्हणाली.